हाली, कलदार आणि तीन वाटे : भूमकडच्या एका गाठोड्याचा भाव कसा ठरला

मागच्या वर्षी पोळा झाला आणि आठ-दहा दिवसांनी भूमकडचे चौघंजण लातूरला माझ्या जुन्या नाण्यांच्या दुकानात आले, थोरले अण्णा, धाकटे भाऊ, त्यांची बहीण आक्का आणि धाकट्यांचा कॉलेजातला पोरगा. लिहायला त्यांनी हो म्हणलंय पण नावं नकोत म्हणाले, म्हणून नावं टाकत नाही. आई वारली, तिच्या ट्रंकेत जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं निघालं, आणि त्याचे तीन वाटे करायचे होते. अण्णांनी काउंटरवर गाठ सोडली तर चांदीचे ३१ रुपये, मूठभर तांब्याची चिल्लर, आणि पोरानं वेगळं प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं एक जाड पिवळट नाणं.

त्याआधी ते तिकडंच एका सराफाकडं जाऊन आले होते. सराफानं सगळं एकदम काट्यावर टाकलं, हाली म्हणजे निजामाच्या राज्यातल्या रुपयात चांदी कमीच असते म्हणून निम्मं कापलं, घट धरली आणि सरसकट १८,००० सांगितले. दुसऱ्या बाजूला पोरगा मोबाईलवर व्हिडिओ बघून बसलेला, त्याच्या हिशोबानं एकट्या त्या पिवळ्या नाण्याचे १० लाख येणार होते. म्हणजे एक जण १८ हजार म्हणतोय आणि एक जण १० लाख, आणि मधे ही तीन भावंडं एकमेकांच्या तोंडाकडं बघायलेत की आपल्याला कुणीतरी फसवायलंय पण नेमकं कोण ते कळंना. मला हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते ह्याच्यासाठीच. डीलर भाव ठरवतो म्हणजे नेमकं काय करतो हे समोर बसलेल्या माणसाला कधीच दिसत नाही, आणि माझं ठाम मत आहे की जो भाव गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं, नाण्यागणिक, कारणासकट सांगता येत नाही तो रास्त भाव नव्हेच, मग तो आकडा किती का मोठा असंना.

भावावर यायच्या आधी मी एक गोष्ट विचारतोच, घरातलं आहे का जमिनीतलं? आपल्याकडं नांगरताना, वाड्याचा पाया खोदताना मडकं निघालं असं होतं, आणि १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे, जमिनीत १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, तसला माल मी हातात पण घेत नाही. हे ट्रंकेतलं होतं, आक्काला लहानपणापासून माहीत होतं, आईच्या गळ्यातली माळ मोडून काही रुपये त्यात टाकलेले ते पण तिला आठवत होतं. दुसरी गोष्ट, आक्काचा भाचजावई दुबईला असतो, तो म्हणे तिकडं जास्त भाव येईल, दोन-चार घेऊन जातो. त्यांना सांगितलं की १०० वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू धरलं जातं, खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही, आणि ह्यातले बरेच तसे आहेत. तो विषय तिथंच संपला.

आता गाठोड्यात हाली पण आणि कलदार पण, असं का? हे ज्याला कळत नाही त्यानं मराठवाड्यातला माल घेऊच नये. भूम निजामाच्या राज्यात, बाजार मात्र बार्शीचा, आणि बार्शी इंग्रजी मुलखात. ह्यांचे पणजोबा कापूस बैलगाडीत घालून बार्शीच्या अडतीवर नेणार, पट्टी कलदार रुपयात मिळणार, आणि घरी येऊन सारा भरायचा तो हालीत. दर ठरलेला होता, ७ हाली म्हणजे ६ कलदार. कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया, ११.६६ ग्राम वजनाचा, त्यात शेकडा ९१.६७ चांदी, म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्राम. हाली रुपया ११.१८ ग्रामचा आणि चांदी शेकडा ८१.८, म्हणजे ९.१४ ग्राम. मग सराफानं निम्मं कापलं ते कुठल्या हिशोबानं? चांदी कमी आहे हे खरं, पण कलदारापेक्षा दीड ग्रामच कमी. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, त्यानंतरही हाली काही वर्षं चालत होता, १९५९ ला तो कायमचा बंद झाला, आणि लोकांच्या मनात एक बसलं की बंद पडलेला पैसा म्हणजे हलका पैसा. सराफ लोक अजून तेच ऐकवतात.

तर पहिली पायरी धातूची. चांदी रोज हालायली म्हणून इथं समजायला सोपं जावं असं १०० रुपये ग्राम धरतो आणि पुढचे सगळे आकडे त्याच मापात बसवून देतो. १६ कलदार पूर्ण चांदीचे, एक १९४४ चा ज्यात चांदी निम्मीच असते (१९४० पासून ४५ पर्यंतचे रुपये तसलेच, आणि ४७ चे तर नुसते निकेलचे), आणि १४ हाली. कागदावर बेरीज ३०५ ग्रामच्या आसपास, झीज धरून ३००. म्हणजे वितळवून टाकले तरी ३०,००० ची चांदी. हा आकडा मी पाटीवर लिहून तिघांना दाखवला, कारण ह्याच्या खाली कुणी मागितलं तर उठून जायचं हे त्यांना माहीत पाहिजे, मी मागितलं तरी. धाकटे भाऊ बराच वेळ त्या पाटीकडं बघत बसले, १८ हजाराला देऊन मोकळं व्हायचं त्यांच्याच मनात होतं.

दुसरी पायरी कंडिशन, आणि इथं मन कठोर करावं लागतं. हाली रुपये बाहेर काढले तर १४ पैकी ९ लख्ख पांढरे. मी विचारायच्या आधीच आक्का म्हणाल्या, "भाऊ, सकाळीच चिंच लावून घासून आणलेत, तुमच्यापुढं काळे कसे ठेवायचे." काय बोलावं. शंभर वर्षं चांदीवर चढलेली जी करडी-निळसर झाक असते ना, तीच संग्राहक बघतो, ती नाण्याची कातडी आहे, आणि एकदा चिंचेनं, राखेनं, पितांबरीनं ती निघाली की परत येत नाही. भिंगातून बघितलं की चारमिनारच्या मिनारांवरून एकाच दिशेनं गेलेले बारीक ओरखडे दिसतात आणि मधली सपाट जागा मेल्यासारखी पांढरी. ह्या नवांना मी धातूचाच भाव लावला, ९०० ला एक. राहिलेल्या ५ वर चिंच संपली म्हणून हात फिरला नव्हता, त्यातले ४ बरे होते, त्यांना १०५० धरले. एका चिंचेनं एका नाण्यामागं दीडशे रुपये गेले हे आक्काला सांगताना मला जड गेलं, पण सांगितलं, कारण घरी अजून तांब्याचं काही निघालं तर ते तरी वाचेल.

पाचवा हाली वेगळा होता. हाली रुपयावर चारमिनार असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण चारमिनारच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं तिकडं कुणी बघत नाही. ते अक्षर मीम असलं तर महबूब अली खान, ऐन असलं तर उस्मान अली खान. महबूब अली १९११ ला वारले आणि चारमिनारचा रुपया त्यांच्या शेवटच्या काही वर्षांतच निघाला, उस्मान अलींचे मात्र पुढं कितीतरी वर्षं पडत राहिले, म्हणून आपल्याकडच्या गाठोड्यात ऐनवालेच जास्त येतात. हा मीमवाला होता, हिजरी सन स्वच्छ वाचता येत होतं आणि झाक शाबूत. उर्दू आकडे मला आजोबांनी शिकवले, निजामाच्या शाळेत त्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं, दुकानाच्या ओट्यावर बसून ते नाणं नुसतं बोटानं फिरवून सन सांगायचे. ह्याला मी १८०० धरले.

कलदारांमधे पाच पंचम जॉर्जचे रुपये माळेतले होते, प्रत्येकाच्या वर कडी डाग देऊन बसवलेली. कडी काढली तरी डागाचा व्रण राहतो आणि डागाची चांदी हलक्या टंचाची असते, त्यामुळं हे पण धातूच्याच भावात, १००० ला एक. आपल्या भागात लमाण तांड्यावरच्या माळांतले रुपये पण असेच येतात, कधी भोक पाडलेले, कधी कडी लावलेले. दिसायला एवढं सुंदर असतं ते, पण संग्राहकाच्या बाजारात त्याला किंमत नाही, हे सांगितलं की बायामाणसांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मला बघवत नाही. एडवर्डचे पाच साधारण बरे, ११५० प्रमाणे. १९०१ चा व्हिक्टोरिया १२००. १९४४ चा ६००. पंचम जॉर्जचा सहावा रुपया निघाला १९११ चा, ज्याला बाजारात डुकरछाप म्हणतात, राजाच्या झग्यावर हत्ती काढलेला पण सोंड आखूड आणि पाय बुटके त्यामुळं तो डुकरासारखा दिसायला लागला, लोकांत बोभाटा झाला, सरकारनं तो रुपया मागं घेतला आणि पुढच्या वर्षी हत्तीची सोंड नीट करून ठसा बदलला. म्हणून ११ चा रुपया कमी दिसतो आणि २००० ला मी आनंदानं घेतला.

मग एक वाद. धाकट्यांच्या पोरानं एक षष्टम जॉर्जचा रुपया पुढं सरकवला आणि म्हणाला, "हा १९३९ चा आहे काका, ह्याची किंमत मला माहितीये." त्याचं चूक नव्हतं, १९३९ चा चांदीचा रुपया खरोखर दुर्मिळ आहे आणि खरा असला तर बाकीच्या सगळ्या गाठोड्यापेक्षा तो एकटा भारी. पण म्हणूनच १९३८ च्या ८ ला कोरून ९ करायचा उद्योग चालतो. मी काही न बोलता त्याच्या हातात भिंग दिलं आणि लाईट तिरका धरला. नऊच्या खालच्या पोटाला डाव्या बाजूनं बारीक अवजारानं खरवडलेलं होतं, आजूबाजूची जागा बाकी नाण्यापेक्षा खोल आणि चकचकीत, आणि शेजारच्या तीनवर जेवढी झीज होती तेवढी नऊच्या त्या कडेला नव्हतीच. पोरानं दोन मिनिटं बघितलं, मग भिंग खाली ठेवून म्हणाला, "हो, खरवडलंय." घरच्यांनी केलेलं नव्हतं ते, कधीतरी कुणीतरी त्यांना तसाच दिलेला. त्याला मी चांदीचे १०५० धरले आणि पाकिटावर त्यांच्यासमोरच लिहिलं, सन खोडलेलं, ३९ म्हणून विकायचं नाही.

आणि ते पिवळं नाणं. एका बाजूला राम दरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, सन १८१८. हे कंपनीनं कधीच पाडलेलं नाही, हे देवळाच्या बाहेर विकायचे टोकन आहेत, नंतर कुणीतरी कंपनीचं नाव टाकून बनवलेले, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्या देवघरांत एक तरी असतं. वैष्णोदेवीच्या १० रुपयाच्या नाण्याचं पण असंच, ते सरकारनं २०१२ ला काढलेलं खरं नाणं आहे, पण व्हिडिओत सांगतात तसे लाख-बिख काही येत नाहीत. पोरानं व्हिडिओखालच्या नंबरला फोन केलेला, समोरच्यानं रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून नोंदणी फी म्हणून २,१०० रुपये घेतलेले आणि मग पुढचा टॅक्स मागायला लागला तेव्हा घरात कळलं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ लाच जाहीर केलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या असल्या व्यवहारात आम्ही नाही आणि कसलीही फी घेत नाही. पोरगा मान खाली घालून बसला होता, अण्णा त्याला काही बोलले नाहीत, मला ते आवडलं. नाणं मी परत दिलं, देवघरात ठेवा, पूजा करा, त्याला भाव नाही.

मागितलेला भाव आणि विकलेला भाव, सगळा घोळ ह्या दोहोंत होतो. ऑनलाईन कुणीही हाली रुपयाला २५ हजार लिहून ठेवू शकतो, त्याला पैसे लागत नाहीत, पण तो विकला गेला का? आम्ही बघतो ते झालेल्या लिलावाचे आकडे, आणि ते पण जसेच्या तसे नाही, लिलाववाल्याचं कमिशन त्यात धरलंय का, नाण्याची कंडिशन काय होती, दोन हट्टी गिऱ्हाइकांनी एकमेकांवर चढवून तर नेला नाही ना, असं तीन-चार वेळचं बघून मग एक मधला आकडा मनात धरायचा. विदेशी कॅटलॉगमधले डॉलरचे भाव इथल्या बाजाराला लागू पडत नाहीत, नाणं ओळखायला मात्र ते कामाचं. पोरानं विचारलं की मग अमेरिकेतल्या कंपनीकडून ग्रेड करून प्लास्टिकच्या डबीत बंद का नाही करून घेत, ती ७० आकड्यांची पट्टी असते ती. घेता येतं, शेल्डन नावाच्या माणसानं १९४९ ला अमेरिकेतल्या तांब्याच्या सेंटसाठी काढलेली ती पट्टी आता जगभर चालते, पण हजार-बाराशेच्या रुपयाला तो खर्च झेपत नाही, नाणं दहा-वीस हजाराच्या पुढं असलं तर विचार करावा.

उरला माझा नफा, हा मी लपवत नाही. एडवर्डचा रुपया मी ११५० ला घेतला तर १४०० ला विकीन, हाली १०५० चा १३०० ला, डुकरछाप २००० चा २५०० ला, धातूच्या भावातल्यांवर शंभरभर रुपये. मधल्या अडीचशेत दुकानाचं भाडं आहे, पैसा अडकून पडणं आहे, चांदी खाली आली तर माझं नुकसान आहे, आणि पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनाला माल घेऊन जायचा खर्च आहे. हाली तर लातुरात पैशाला पासरी, तो खपतो बाहेर. हे ऐकल्यावर अण्णा म्हणाले, "मालक, मग आम्हीच १४०० ला विकतो की." म्हणलं, विका, मी मासिक भेटीचा पत्ता देतो, तिथं संग्राहक येतात, चार-सहा महिने जातील पण येतील पैसे. खरंच दिला पत्ता. तिघांनी बाहेर जाऊन चहा घेतला, बोलले, आणि परत येऊन म्हणाले नको, तेरवीचं देणं बाकी आहे, आत्ताच द्या.

बेरीज अशी बसली : कलदार १९,०५० (तीन १८६२ चे व्हिक्टोरिया ११५० प्रमाणे त्यातच), हाली १४,१००, आणि तांब्याची चिल्लर, भोकाचे पैसे आणि काही ढब्बू, सगळी मिळून ३५०. एकूण ३३,५००. प्रत्येक नाण्यापुढं सन, कंडिशन आणि रुपये असा कागद तिघांना एक-एक दिला. ह्या कागदाचा खरा उपयोग मला तेव्हा कळला, आक्का म्हणाल्या माळेतला एक रुपया मला पाहिजे, आईच्या गळ्यात असायचा, आणि कुणाला काही विचारावं लागलं नाही, कागदावर १००० लिहिलेले होते, तेवढे त्यांच्या वाट्यातून वजा झाले. सरसकट भाव असता तर त्या एका नाण्यावरून भावंडांत वर्षभर बोलणं राहिलं असतं. मी रोख ३२,५०० दिले आणि नेहमीसारखं बिलाच्या खाली लिहिलं, सात दिवसांत कुठल्याही बाजूला चूक सापडली तर हिशोब पुन्हा.

चूक माझ्याकडूनच निघाली. १८६२ चे तीन व्हिक्टोरिया मी झिजलेले म्हणून घाईत एकाच भावात टाकले होते. पण १८६२ हे सन फसवं आहे, पुढं बारा वर्षं म्हणजे १८७४ पर्यंत टांकसाळीनं ठशावर १८६२ च ठेवलं, आणि कुठल्या वर्षीचा ते कळायला उलट्या बाजूला बारीक टिंबं देत गेले. टिंबांच्या काही जोड्या ढिगानं मिळतात आणि काही क्वचितच. रात्री जेवून परत दुकानात बसलो, एकेक भिंगाखाली घेतला, तर तिसऱ्याच्या उलट्या बाजूला मळ साचला होता, लाकडाच्या काडीनं आणि साध्या पाण्यानं (घासून नव्हे) मळ सोडवला आणि टिंबं मोजली, दोनदा, मग उजेड बदलून तिसऱ्यांदा. कमी मिळणारी जोडी होती. एवढ्या झिजीतही ४,५०० ला जाईल असा रुपया मी ११५० ला घेतलेला. गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं हे खरं, कधी कळलंही नसतं, पण ज्याला माहिती कमी त्याच्यासमोर बसून आपण भाव सांगतो तेव्हा माहितीची जबाबदारी आपलीच असते, मळ न काढता भाव केला ही चूक त्यांनी का भरायची. सकाळी अण्णांना फोन केला आणि २,५०० अजून पाठवले. त्यांना आधी वाटलं मी पैसे परत मागायलोय, दोनदा समजावून सांगावं लागलं.

म्हणजे मी एकूण ३५,००० घातले आणि सगळं माझ्या भावानं गेलं तर साडेसहा हजार सुटतील. टिंबांचा रुपया चार महिन्यांनी परभणीच्या एका प्राध्यापकांनी ४,३०० ला नेला, ते व्हिक्टोरियाची टिंबंच जमवतात. डुकरछाप पुण्याला गेला. मीमवाला मी अजून काढला नाही, येईल कुणीतरी हाली वाचता येणारा. चिंचेनं घासलेल्या नवांपैकी सहा तसेच डब्यात आहेत, आणि खोडलेला ३९ पाकिटासकट गल्ल्याच्या खालच्या खणात, नवीन पोरं दुकानात शिकायला येतात त्यांना पहिल्या दिवशी मी तोच भिंगाखाली देतो.